माप कोणाच्या हातात?

महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार आजही गुंठ्यात बोलला जातो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते. पण भाव ठरतो, वाटणी होते, भाऊबंदकी पेटते ती गुंठ्यावरून. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, असा तुकडा म्हणजे गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. शाळेचे तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही हा हिशेब तोंडपाठ असतो. पण ३३ फूटच का, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. त्याचा माग काढत गेले, तर तो मध्ययुगीन इंग्लंडातल्या नांगराच्या तासाशी जाऊन थांबतो.

एका नांगराने एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन म्हणजे तिथला एकर. नांगर जड, त्याला जुंपलेल्या बैलांची रांग लांब, त्यामुळे बांधापाशी औत वळवणे हेच मोठे जिकिरीचे काम. म्हणून तास जितके लांब ओढता येईल तितके बरे. ही लांबी २२० यार्ड धरली गेली. तिलाच आपण फर्लांग म्हणतो. दिवसभराच्या कामाची रुंदी ठरली २२ यार्ड. दोन्हींचा गुणाकार ४,८४० चौरस यार्ड, हा एकर. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने याच रुंदीची, ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी तयार केली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एकर होतो, त्यामुळे नांगरटीचे जुने माप दशमान हिशेबात आले. क्रिकेटच्या खेळपट्टीची २२ यार्ड लांबी हीच.

ही साखळी आपल्याकडे आली ती ब्रिटिश राजवटीबरोबर. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. मुंबई इलाख्याच्या या मोजणीत गुंटरची साखळी निम्मी करून वापरात आली: ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो गुंठा. भूमी अभिलेखाच्या जुन्या टिपणांवर अंतरे साखळी-आण्यांत मांडलेली दिसतात ती यामुळे. आपण ज्याला आजा-पणजापासूनचे माप समजतो, त्यात परक्या देशातल्या बैलांची दमछाक, एका गणितज्ञाची सोय आणि सारा वसूल करू पाहणारे राज्य असे तिघे एकत्र आले आहेत.

अशा कथा गमतीच्या म्हणून सांगितल्या जातात आणि तिथेच सोडून दिल्या जातात. जुनी माणसे भोळी होती, हाताबोटांनी आणि बियांनी मोजत होती, मग विज्ञान आले आणि मापे शहाणी झाली, असा त्यांचा सूर असतो. मला तो मान्य नाही. जुनी मापे चमत्कारिक दिसतात, पण ती ठरवणाऱ्यांना आपल्या अडचणी नीट ठाऊक होत्या.

हातच घ्या. कोणाचा हात, असा आक्षेप आपण लगेच घेतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने तो आधीच घेतला आहे. तिथे अंगुळाची व्याख्या दोन प्रकारे केली आहे: यवाच्या आठ दाण्यांची मधली जाडी मिळून होणारे अंतर, किंवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी. म्हणजे शरीराच्या मापाला धान्याचा पडताळा, आणि शरीरही राजाचे नाही, सर्वसाधारण माणसाचे. सोळाव्या शतकात जर्मनीत याकोब क्योबेल याने जमीन मोजण्याच्या आपल्या पुस्तकात सांगितलेली रीत याच्याच जातीची आहे. रविवारी चर्चमधून बाहेर पडणारे सोळा पुरुष, उंच-बुटके जसे येतील तसे, थांबवायचे. त्यांची डावी पावले एकापुढे एक ठेवायची. ती लांबी म्हणजे मोजणीची काठी आणि तिचा सोळावा भाग म्हणजे फूट. सरासरीची कल्पना याहून सोप्या रीतीने, भर गावासमोर कशी राबवता आली असती?

आपल्याकडची शिवकालीन काठी पाच हात आणि पाच मुठींची. अशा वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. काठी एकदा ठरली की मोजणाऱ्याचा हात बाजूला राहतो, आणि हे महत्त्वाचे. अकबराच्या काळात तागाच्या दोरीने जमीन मोजत असत. दमट हवेत आणि कोरड्या हवेत दोरीची लांबी वेगळी भरते, आणि लबाडीला तेवढी फट पुरते. ती बुजवण्यासाठी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आणली गेली. मोजमापाचा खरा इतिहास मला अशा फटी बुजवण्याच्या खटपटीत दिसतो.

आकड्यांचेही तसेच. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोली म्हणजे पायली. आज दहाच्या पटीत वाढलेल्या मुलाला ही उतरंड किचकट वाटेल. पण ज्याच्याकडे तराजू नाही, त्याला धान्याच्या ढिगाचे दहा सारखे भाग करता येत नाहीत. दोन मात्र डोळ्यांनी करता येतात. त्या दोनाचे पुन्हा दोन, आणि सोळापर्यंत कोणत्याही साधनाशिवाय पोहोचता येते. दोघांनी वाटून घ्यायचे तर एकाने भाग पाडावेत आणि दुसऱ्याने उचलावा, एवढ्यावर भांडण मिटते. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत ती याच व्यवहारासाठी. गरिबाला स्वतः पडताळता येईल असे ते गणित होते.

सोन्याला गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. लाल-काळ्या चिमुकल्या बिया निसर्गतःच एका वजनाच्या असतात, अशी समजूत आहे. हिऱ्याच्या कॅरटचे मूळ असलेल्या कॅरोबच्या बियांबद्दलही जगभर तीच समजूत होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्या बिया मोजून पाहिल्या गेल्या, तेव्हा त्यांचे वजन इतर झाडांच्या बियांइतकेच कमी-जास्त भरले. मात्र माणूस नुसत्या नजरेने लहान-मोठ्या बिया बाजूला काढून सारख्या बिया वेचू शकतो, हेही त्याच संशोधनात दिसले. सारखेपणा झाडाने दिला नव्हता. तो पारखणाऱ्या नजरेतून आला होता.

इथवर जुन्या मापांची बाजू मांडली. पण त्यांचा दुसरा चेहरा लपवणे हा शेतकऱ्यावर अन्याय होईल. पायलीवर धान्याची शीग चढवली तर एक माप होते आणि काठाशी हात फिरवून शीग पाडली तर दुसरे. भांडे तेच राहते. उसने धान्य देताना सपाट आणि परत घेताना शिगोशीग, एवढ्याने कागदावर न दिसणारे व्याज वसूल होते. हे एखाद्या सावकाराच्या डोक्यातून निघालेले नाही. अर्थशास्त्रात द्रोण या धान्याच्या मापाचे चार प्रकार दिले आहेत: राज्याच्या जमेसाठी २०० पलांचा, व्यापारासाठी १८७.५ पलांचा, चाकरांना वेतन देण्यासाठी १७५ पलांचा आणि अंतःपुरासाठी १६२.५ पलांचा. घेताना मोठे माप आणि देताना लहान, हे राज्यशास्त्राच्या ग्रंथात उघड नियम म्हणून नोंदलेले आहे. नाव मात्र सगळ्यांना द्रोण हेच.

फ्रान्समध्ये १७८९ साली प्रजेकडून गाऱ्हाण्यांच्या वह्या मागवल्या गेल्या. जमीनदारांची धान्य घेण्याची मापे वाढत चालली आहेत, सगळीकडे एकच वजन, एकच माप असावे, ही मागणी त्यांत ठिकठिकाणी आहे. मीटरचा जन्म या गाऱ्हाण्यातून झाला. कोणत्याही राजाचा, कोणत्याही गावाचा नसलेला आधार हवा होता, म्हणून पृथ्वीच निवडली गेली: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. देलांब्र आणि मेशां या दोघांनी १७९२ ते १७९८ या धामधुमीच्या वर्षांत डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजले. त्यावरून ठरलेला मीटर सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड निघाला. पण तोवर त्याची प्लॅटिनमची पट्टी बनली होती. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो: प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर कापतो तितका. हा आकडा तेहेतीस फुटांहून कितीतरी चमत्कारिक आहे. तो असा आहे याचे कारण एकच: जुनी लांबी बदलू नये, असे सर्वांनी ठरवले. शास्त्राचे अत्यंत काटेकोर मापही शेवटी आधीच्या कराराला धरून आहे.

म्हणून मापाच्या मुळाचा विचित्रपणा मला दुय्यम वाटतो. बी, बोट, नांगराचे तास किंवा पृथ्वी, कुठूनही सुरुवात करा. माप उभे राहते ते एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन माणसांनी ते मान्य केल्यामुळे. त्याची कसोटी एकच: दोघांतला दुबळा ते स्वतः तपासू शकतो का?

या कसोटीवर दशमान पद्धतीचे उपकार मोठे आहेत. १९५६ चा वजन-मापांचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ पासूनची दशमान नाणी यांमुळे गावोगावच्या शेरांचा आणि मणांचा गोंधळ संपला. गावाबाहेर पडलेल्या माणसाला आपण किती दिले आणि किती घेतले हे कळू लागले. यात हरवलेही काही. कोकणात भातशेती खंडीने सांगत. त्या मापात जमिनीबरोबर तिचे पीकही यायचे. हेक्टरला काळे रान आणि खडकाळ माळ सारखेच. संयुक्त अहवालाच्या मोजणीने ही उणीव ओळखून प्रतबंदी केली होती. जमिनीची प्रत सोळा आण्यांपासून खाली उतरत जाई, आणि पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असावी लागे. लोखंडी साखळी घेऊन आलेल्या सरकारलाही मातीची खोली हातानेच मोजावी लागली. पिकाची आणेवारी त्याच घराण्यातली. आज तिला पैसेवारी म्हणतात, आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की वर राहिली, यावर वर्षानुवर्षे गावाच्या सवलती ठरत आल्या आहेत.

पण मला खरी काळजी वाटते ती आजच्या अचूक यंत्रांची. दूध उत्पादक पहाटे केंद्रावर दूध घालतो. भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि तो सोडून उरणाऱ्या घन घटकांवर. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ टक्के हा पाया. नळीतून चार थेंब यंत्रात जातात आणि पडद्यावर आकडा उमटतो. दशांश चिन्हापुढच्या त्या आकड्यावर घरचा बाजार अवलंबून असतो, आणि तो तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्या हातात नसते. उसाचे वजन होते घेणाऱ्याच्याच काट्यावर, आणि दर ज्या साखर उताऱ्याशी बांधलेला आहे, तो उताराही घेणाऱ्याच्याच प्रयोगशाळेतून येतो. कापूस शेतकरी क्विंटलने विकतो. रुईचा बाजार आजही खंडीने चालतो, आणि ही खंडी ३५६ किलोंची, म्हणजे जुन्या ७८४ पौंडांची. आपल्या मालाला पुढे काय भाव मिळाला हे समजायला शेतकऱ्याला आधी रुईचा उतारा आणि मग हा आडमापी गुणाकार करावा लागतो.

चिपट्या-मापट्यांच्या काळात माप ढोबळ होते, पण ते समोरच्याला दिसत होते. शीग पाडली तर डोळ्यांसमोर पाडली जाई. आज माप अचूक आहे आणि दिसेनासे झाले आहे. अचूकपणा आणि न्याय एकच आहेत, असे आपण धरून चाललो, ही गेल्या काही दशकांतली मोठी चूक आहे. म्हणून प्रत्येक दूध केंद्रावर उत्पादकांना वापरता येईल असे दुसरे यंत्र हवे. बाहेरच्या काट्यावर आधी वजन करून आणलेला ऊस निमूटपणे स्वीकारला गेला पाहिजे. काट्यांची तपासणी विकणाऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी आणि तिचा निकाल काट्याशेजारीच लावावा. यात खर्चिक किंवा अवघड असे काही नाही. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकाच द्रोणाने मोजावे आणि तो द्रोण दोघांच्याही हाताला लागावा, एवढीच ही जुनी मागणी आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय आपली मापे आधुनिक झाली, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.