असं बांधत नाहीत

घरबसल्या सगळं दिसायला लागलं तर संग्रहालयात जाईल कोण, ही धास्ती तशी जुनीच. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि देवादिकांच्या तसबिरी घरोघर लागल्या. देवळं काही ओस पडली नाहीत. विठ्ठलाचं दर्शन आता मोबाइलवर मिळतं, पण आषाढीची रांग हटत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने २०१९ मध्ये मोनालिसाच्या आभासी भेटीसाठी लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवले. त्या वर्षी तिथे सुमारे ९६ लाख लोक आले. २०२० च्या टाळेबंदीत आकडा २७ लाखांवर घसरला आणि संकेतस्थळावरच्या भेटी २ कोटी १० लाखांवर गेल्या. पडद्यावर पोट भरलं असतं तर लोक परत आले नसते. २०२४ मध्ये पुन्हा ८७ लाख माणसं दारात होती.

हा हिशेब मात्र खिशात तिकिटाचे पैसे असणाऱ्यांचा. नंदुरबारकडून पाहिलं की प्रश्नच फिरतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरता होती ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. राज्यातल्या आदिवासींच्या वस्तू जपणारं सरकारी संग्रहालय मात्र पुण्यात, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत. इथली रेल्वे धावते सुरत-भुसावळ मार्गावर. पुणं गाठायचं तर रात्रभर गाडीत बसायचं.

समजा, अक्कलकुव्याच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या भिल्ल मुलीला तसाच चष्मा लावून पुण्याच्या त्या दालनांतून फिरवलं आणि समोर होळीचा साज आला. मोरपिसांचा टोप, कमरेचे वाळके भोपळे, घुंगरांचा पट्टा. शहरातल्या मुलाला ही नवलाई. हिने मात्र काठी गावच्या होळीत हाच साज रात्रभर नाचताना पाहिलेला असतो. तो घालणाऱ्याने नवस बोललेला असतो, त्याच्या पाळणुकीच्या दिवसांत तो खाटेवर बसतसुद्धा नाही, हेही तिला ठाऊक असतं. चष्म्यात भोपळे दिसतील, त्यांचा खडखडाट बहुधा नसेल, आणि पाळणूक तर नसेलच. मग ती एक तर कंटाळेल, नाहीतर म्हणेल, ‘हे असं बांधत नाहीत.’

मला मोल वाटतं ते या दुसऱ्या उद्गाराचं. नवलाईने माणूस संग्रहालयात एकदा जातो. आपलं काय ठेवलंय, कसं ठेवलंय, खाली नाव काय लिहिलंय, हे बघायला तो पुन्हा पुन्हा जाईल. तसबिरीने देवळाची ओढ वाढली असेल तर ती देव आधीपासून आपला होता म्हणून. आभासी सफरीची खरी उणीव चित्राच्या स्पष्टतेत नाही. तिथे निवेदक बोलतो आणि आपण ऐकतो. पाटीवर बोट ठेवून वाद घालायला समोर कुणी नसतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय मांडून ते गावोगाव फिरवायला घेतलं. त्या बसमध्ये निदान समजावून सांगणारा माणूस असतो, त्याला उलट विचारता येतं. महागड्या चष्म्यापेक्षा मी त्या बसच्या बाजूने मत देईन.

चष्म्याला इथे काम नाही असं नव्हे. याच जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावी पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये टेकाड खणलं आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे चार कालखंड उजेडात आणले. माळवा आणि जोर्वे धाटणीची रंगवलेली खापरं, त्यांच्यावर पुढच्या काळाचे थर. अहवाल छापला तो ‘एन्शंट इंडिया’ या इंग्रजी नियतकालिकात. प्रकाशाला दक्षिणकाशी म्हणून दर्शनाला येणाऱ्या किती जणांना पायाखालचं हे ठाऊक असेल? त्याच टेकाडावर उभं करून खालचे थर उलगडून दाखवणारी सफर कुणी केली तर तिचं स्वागत. तिथे माणूस आधीच आलेला आहे.

आणि जिथे जाताच येत नाही तिथे? नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याखाली अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांच्या जमिनी आल्या. मणिबेली त्यांतली पहिली. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही बुडालं. या गावांचं संग्रहालय म्हणता येईल असं काम नंदिनी ओझा यांनी केलं आहे. माणसांना त्यांच्या शब्दांत बोलू देऊन त्यांनी या धरणाविरुद्धच्या नर्मदेच्या लढ्याचा मौखिक इतिहास ध्वनिमुद्रित केला; ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक त्या लढ्यातले आदिवासी नेते केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्या अशाच कथनावर उभं आहे. बुडालेली मणिबेली उद्या कुणी चष्म्यात उभी करायची म्हटली तर सुरुवात या आवाजांपासून करावी लागेल. उपग्रहाच्या जुन्या चित्रात नदी सापडेल, कोणतं शेत कुणाचं ते सापडणार नाही. तयार झालेलं गाव आधी तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत न्यावं. तिथली एखादी म्हातारी चष्मा काढून म्हणेल, आमचं घर नाल्याच्या या अंगाला नव्हतं, त्या अंगाला होतं. मग शेजारचा म्हणेल, तिचंही चुकतंय. हे भांडण मिटेपर्यंत गाव पुन्हा पुन्हा मांडावं लागेल, आणि त्या दुरुस्त्यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरलेला असावा.