वारंवार दावे लावणाऱ्याशी कसे वागावे?

एखादा भाऊबंद द्वेषाने दाव्यामागून दावे लावीत असेल, तर गृहस्थाने काय करावे? प्रथम समेटाचा यत्न करावा. भगवान श्रीकृष्ण स्वतः कौरवांकडे शिष्टाईस गेले होते. समेट न झाल्यास प्रत्येक तारखेस हजर राहून सत्य तेच सांगावे. सुडाने खोटा उलट दावा लावू नये. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यान्वये, महाधिवक्त्यांच्या अर्जावरून, उच्च न्यायालय अशा मनुष्यास परवानगीवाचून नवे दावे करण्यास मनाई करू शकते. असा उपाय योजणे अधर्म नव्हे. मात्र गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास ‘विगतज्वर’ होऊन, म्हणजे संताप टाकून, लढण्यास सांगितले आहे. म्हणून कोर्टातला दावा अंतःकरणात चालवू नये. नित्य देवापुढे बसून प्रतिपक्षाच्याही सद्बुद्धीसाठी प्रार्थना करावी.