भाव कोणाच्या खाती?

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्यास आलेल्या प्रवाशांपुढे वाटाड्या पहिल्या लेण्यातील बुद्धमूर्तीवर एका बाजूने दिवा धरतो तेव्हा मुखावर स्मित उमटते, दुसऱ्या बाजूने धरताच तेच मुख गंभीर होते व समोरून ध्यानस्थ भासते. पाषाण मात्र तसूभरही हललेला नसतो. रसाचे, म्हणजे कलेतील भावास्वादाचे, स्थान सहृदय रसिकाच्या अंतःकरणात मानणाऱ्या काव्यमीमांसक अभिनवगुप्तास याचे नवल वाटले नसते. यंत्रांपुढेही भाव असाच पाहणाऱ्याच्या मनात उठतो: जपानी अभियंता मासाहिरो मोरी याने १९७० साली असे मांडले की, यंत्रमानव मनुष्यासारखा दिसू लागला की जिव्हाळा वाढतो, परंतु साम्य जवळजवळ पूर्णत्वास पोचताच एकाएकी शिसारी येते. मग केवळ वाटोळ्या डोळ्यांमुळे आपण ज्या यंत्रास प्रेमळ ठरवतो, त्याचे प्रेम कोणाच्या खाती जमा करावे? माझ्या मते पाहणाऱ्याच्याच; मात्र ते डोळे मुद्दाम तसे घडवणारा कारखानदार या व्यवहारातून सर्वस्वी बेदाग सुटत नाही.