कैद्याची पत्रे आणि स्टोइकांची अलिप्तता

अमेरिकी नौदलातील वैमानिक जेम्स स्टॉकडेल आणि त्यांच्या पत्नी सिबिल यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात एकमेकांना लिहिलेली पत्रे स्टोइक नीतिविचाराची कसोटी पाहणारी आहेत. ९ सप्टेंबर १९६५ रोजी उत्तर व्हिएतनामवर स्टॉकडेल यांचे स्कायहॉक विमान पाडले गेले. विमानातून बाहेर पडताना त्यांच्या पाठीच्या हाडाला इजा झाली आणि जमिनीवर जमलेल्या जमावाच्या मारहाणीत पाय मोडला. पुढची साडेसात वर्षे ते कैदेत होते. त्यांतली सुमारे चार वर्षे एकांतकोठडीत गेली. हनोईच्या ह्वा लो तुरुंगात त्यांचा छळ झाला, आणि पायाचे अधूपण कायम राहिले.

स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकताना प्राध्यापक फिलिप ऱ्हाइनलँडर यांनी त्यांना एपिक्टीटसच्या शिकवणीची छोटी पुस्तिका दिली होती. एपिक्टीटस हा रोमन साम्राज्यातला स्टोइक तत्त्वज्ञ; जन्माने गुलाम आणि पायाने अधू. आपले मत, इच्छा आणि निवड एवढेच आपल्या हाती आहे. शरीर, मालमत्ता, लौकिक हाती नाही, हे त्याच्या शिकवणीचे सार. पत्नी आणि मुले मर्त्य आहेत, याचाही विसर पडू नये, असे तो बजावतो.

इथेच प्रश्न उभा राहतो. घरच्या पत्रासाठी आसुसलेला कैदी आपली दुखरी नस जेलरच्या हाती देतो. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार युद्धकैद्याला दरमहा किमान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहिता आली पाहिजेत. हनोई सरकार मात्र पकडलेल्या वैमानिकांना युद्धगुन्हेगार ठरवून ही तरतूद त्यांना लागू करत नव्हते. त्यामुळे पत्र हा हक्क न राहता पहारेकऱ्यांच्या मर्जीचा विषय झाला. मग मन मुक्त ठेवायचे तर घराची ओढही सोडावी काय?

एपिक्टीटसचे उत्तर तसे नाही. कर्तव्ये नात्यांवरून ठरतात, असे तो सांगतो. बाप, मुलगा, भाऊ या भूमिका माणसाने निभावायच्या असतात. समोरचा कसा वागतो वा फळ काय मिळते, यावर ते अवलंबून नसते. गीतेतला फलत्यागाचा विचार जाणणाऱ्या वाचकाला ही भूमिका परकी वाटणार नाही. पत्र पोहोचणे कैद्याच्या हाती नव्हते. पती आणि चार मुलांचा बाप म्हणून लिहिणे हाती होते. अलिप्तता माया आटवायला सांगत नाही. मायेपोटी शत्रूपुढे वाकू नये, एवढीच तिची मागणी आहे.

दुसरा प्रश्न सत्याचा. स्टॉकडेल यांच्या सुरुवातीच्या पत्रांत सूचक उल्लेख होते. पुढे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाच्या मदतीने सिबिल यांनी छुपा संदेश असलेले छायाचित्र पाठवले, आणि अदृश्य लेखनाने कैद्यांची नावे व छळाची माहिती बाहेर आली. पती हेर ठरण्याचा धोका ठाऊक असूनही सिबिल यांनी हे स्वीकारले. यावरचा आक्षेप गंभीर आहे: घरगुती पत्रांआड हेरगिरी झाली, तर सर्वच कैद्यांचे टपाल रोखायला शत्रूला कारण मिळते.

स्टोइकांचा आधार घेणाऱ्या सिसेरो या रोमन विचारवंताने कर्तव्यांवरील ग्रंथात रेग्युलस या रोमन सेनानीचे उदाहरण दिले आहे. शत्रूला दिलेली शपथ पाळण्यासाठी तो कार्थेजला परतला. शत्रूशीही वचन मोडू नये, हा त्याचा बोध. पण स्टॉकडेल यांनी असे वचन दिलेले नव्हते. ज्यांनी पत्रांचा हक्कच नाकारला होता, त्यांच्यापासून त्यांनी दडवले ते सहकाऱ्यांच्या जीविताशी निगडित होते. कैद्यांची नावे मिळवणे हा त्यांच्या कुटुंबांचाही हक्क होता.

१२ फेब्रुवारी १९७३ रोजी स्टॉकडेल सुटले. १९८४ साली या दांपत्याने आपली हकीकत आळीपाळीच्या प्रकरणांतून मांडली. तिच्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे: आंतरिक स्वातंत्र्यासाठी नाती तोडावी लागत नाहीत, ती निष्ठेने पाळणे हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे.