मूल्य, किंमत आणि उलव्याची टेकडी

ज्यांचे आयुष्य साहित्यकृतींच्या मूल्यमापनात गेले, त्यांना ‘मूल्य’ या शब्दाविषयी थोडी अधिक सावधगिरी बाळगावी लागते. संस्कृतात मूल्य म्हणजे वस्तू घेण्यासाठी मोजावयाचे धन. मराठीने त्याला नैतिक अर्थही दिला, आणि बाजारासाठी अरबी-फारसीतून आलेला ‘किंमत’ हा शब्द जवळ केला. असे दोन शब्द हाताशी असूनही सार्वजनिक प्रकल्पांचा हिशेब मांडताना आपण त्यांची सरमिसळ करतो.

लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी जागा सुचविण्याकरिता १९६८मध्ये नेमलेल्या रॉस्किल आयोगाने प्रत्येक लाभ-हानी पौंडांत मांडण्याचा प्रयत्न केला. स्ट्यूक्ली गावातील बाराव्या शतकातले चर्च पाडावे लागले तर हानी किती धरावी? आगीच्या विम्याची रक्कम धरावी, असे आयोगाच्या संशोधकांनी सुचविले. त्यावर बरीच टीका आणि थट्टा झाली. मला मात्र त्या संशोधकांविषयी किंचित सहानुभूती वाटते. त्यांनी निदान चर्चपुढे काही आकडा लिहिला; ज्याच्यापुढे काहीच लिहिले जात नाही, ते बेरजेत शून्य ठरते. १९७१मध्ये आयोगाने केलेली शिफारस सरकारने फेटाळली आणि ते चर्च वाचले.

उलव्याची टेकडी वाचली नाही. सुमारे ९० मीटर उंचीची ही टेकडी नवी मुंबईच्या विमानतळासाठी सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा गावठाणे उठली. १,१६० हेक्टरांवरील हा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. त्याची गरज खोटी होती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, आणि शहराची वाहतूक त्या व्यवस्थेत केव्हाच मावेनाशी झाली होती. रोजगार, व्यापार, मालवाहतूक हे लाभही काल्पनिक नाहीत. प्रश्न बेरजेचा नाही. ती बेरीज कोणत्या न्यायाने करावयाची, हा आहे.

१९३९मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी एक निकष मांडला: ज्यांना लाभ होतो ते, हानी सोसणाऱ्यांची भरपाई करूनही लाभातच राहू शकत असतील, तर तो बदल समाजाच्या हिताचा मानावा. भरपाई प्रत्यक्ष झालीच पाहिजे, अशी अट त्यात नाही. ‘देऊ शकतील’ आणि ‘देतील’ या दोन क्रियापदांतील अंतर व्याकरणाच्या दृष्टीने अल्प आहे, परंतु माणसांची आयुष्ये नेमकी त्याच अंतरात अडकतात.

उलव्याच्या बाबतीत भरपाई मुळीच झाली नाही, असे नाही. संपादित जमिनीच्या मोबदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंड देण्याची योजना इतर अनेक प्रकल्पांच्या मानाने उदार होती आणि काही कुटुंबांची स्थिती तिने पालटलीही. पण भरपाई कागदाच्या मागे चालते. जमिनीची मालकी सांगणारा सातबारा ज्याच्या नावावर, त्याला भूखंड. खाडीचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. भरती-ओहोटीच्या वेळा पाठ असणे, कोणत्या चिखलात कोणत्या महिन्यात काय सापडते हे ठाऊक असणे, ही पिढ्यांची विद्या आहे. तिच्या स्वामित्वाचा पुरावा म्हणून कोणता उतारा जोडावा? वेशीवरचा देव नव्या जागी नेता येतो, वेस नेता येत नाही.

२०२१मध्ये या परिसरातील हजारो भूमिपुत्र पुन्हा रस्त्यावर उतरले. पूर्वीच्या लढ्यांत जमिनीचा दर हा विषय होता; १९८४च्या जासई आंदोलनात तर त्यासाठी रक्त सांडले होते. या वेळी मागणी दराची नव्हती. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला द्यावे, एवढेच त्यांना हवे होते. ज्यांच्या जमिनीवर धावपट्टी आली, त्यांना तिथून उडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आपल्या माणसाचे नाव यावे असे वाटले. या मागणीला निव्वळ भावनिक म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ भेटतात. ते ज्या अर्थाने हा शब्द वापरतात, त्या अर्थाने स्ट्यूक्लीचे चर्चही भावनिकच होते.