रामकुंडातलं कॅल्शियम

रामकुंडावर अस्थी घेऊन गेलं की गुरुजी आधी विचारतात, "मूळ गाव कोणतं? आडनाव?" वडिलांचा कलश मांडीवर घेऊन मी ओल्या पायरीवर बसलो होतो. गुरुजींनी फडक्यात बांधलेली लांबट वही सोडली, पानांवरून बोट फिरवलं आणि माझ्या पणजोबांचं नाव वाचून दाखवलं. ते त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन इथेच आले होते. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण कुठून आलो, या प्रश्नाचं पाच पिढ्यांपुरतं उत्तर मला त्या पायरीवर मिळालं. पणजोबांच्या आजोबांपाशी वही थांबली. गुरुजींनी माझं नाव, पोरांची नावं लिहून घेतली आणि खाली सही करायला लावली.

त्याच्याही मागे कोण, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्यासोबत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवत राहिले. रामकुंडापासून काही मैलांवर, आडगावला, डिसेंबर २०२१ मध्ये ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. ती नगरं वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. पाचवं नगर व्हायची नाशिकची संधी हुकली, ही रुखरुख नाशिककर म्हणून मला आहेच.

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल. गुरुजींची वही जिथे थांबते, त्याच्या फार मागची पानं या माणसाने वाचली. १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल या चौघांनी शंभराहून अधिक पानांचा एक शोधनिबंध छापला. मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात, याचा तो हिशेब होता. हायड्रोजनपासून हेलियम, हेलियमपासून कार्बन, पुढे ऑक्सिजन, अशी चढण लोखंडापर्यंत जाते. महाकाय ताऱ्याच्या गाभ्यात ऑक्सिजन जळताना आणि शेवटी तो तारा फुटताना कॅल्शियम घडतं. मोठ्या माणसाच्या देहात ते साधारण किलोभर असतं, जवळजवळ सगळं हाडांत आणि दातांत. चितेत बाकीचं जळून जातं. कलशात उरतं ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. रामकुंडातल्या त्या जागेला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. विलय होतो तो पृथ्वीहूनही जुन्या मालाचा, सूर्य जन्मण्याआधीच विझलेल्या ताऱ्यांच्या राखेचा.

गंमत अशी की हे शोधणारे हॉइल विश्वाच्या आरंभाविषयी मात्र चुकले. विश्वाला आरंभच नाही, ते प्रसरण पावतं आणि मोकळ्या जागेत नवं द्रव्य जन्मत राहतं, असा त्यांचा स्थिर स्थिती सिद्धांत होता. 'बिग बँग' हा शब्दही त्यांचाच, १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर, विश्व एका स्फोटातून सुरू झालं या विरोधी कल्पनेचं वर्णन करताना वापरलेला. तोच त्या कल्पनेचं नाव होऊन बसला. स्फोट झालाच नसेल तर जड मूलद्रव्यं कुठे घडली, याचं उत्तर त्यांना ताऱ्यांतच शोधावं लागणार होतं. ते उत्तर टिकलं, सिद्धांत टिकला नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेलं आकाशभरचं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर झालं आणि बहुतेकांनी स्थिर स्थितीचा नाद सोडला. नारळीकरांनी सोडला नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी तिची सुधारित आवृत्ती मांडली. मला तो हट्ट वाटतो. पण गणितात मांडलेला, कुणालाही तपासता येईल असा हट्ट होता. असे हट्ट फार थोडे लोक करतात.

दुसऱ्यांनीही तपासून घ्यावं, अशी नारळीकरांची अपेक्षा असे. २००८ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून ज्योतिषांपुढे ठेवल्या. कोणती कुंडली कुठल्या मुलाची, एवढंच सांगायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे छापा-काट्याहून कमी. पंचवटीत हे मोठ्याने सांगणं सोपं नाही. इथल्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं सगळं चक्रच गुरू सिंह राशीत केव्हा येतो, यावर फिरतं.

तरी पंचांगवाल्यांवर मी एका फटक्यात काट मारणार नाही. गुरूची सूर्याभोवतीची फेरी पुरती बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे. ही तूट साचत जाते, आणि सात फेऱ्यांनंतर जवळजवळ एक वर्ष होते. म्हणून हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ सालीच, अकराव्या वर्षी आला. आकाश आणि नियम यांचं पटेना, तेव्हा पंचांगाने आकाशाचं ऐकलं. कुंडलीनेही कधी असं ऐकलं असतं तर!

त्या दिवशी रामकुंडाचं पाणी हातावर घेतलं तेव्हा हे काहीच सुचलं नव्हतं. नंतर सुचलं की पाण्यातला हायड्रोजन हाडांतल्या कॅल्शियमहून जुना आहे. तो ताऱ्यांत घडलेला नाही. १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच आरंभातला आहे, जो हॉइल यांनी जन्मभर नाकारला. म्हणजे एकाच कुंडात हॉइल यांना खोटं पाडणारं पाणी होतं आणि त्यांना खरं ठरवणाऱ्या अस्थी.

"सोडा आता," गुरुजी म्हणाले. मी कलश तिरका केला. खालच्या पायरीवर एक पोरगं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढत होतं.