वाघ वाचवायचा, पण गाय कोणाची गेली?



आपल्या ग्रुपवर एक प्रश्न अधूनमधून येतो. वाघ तर रोज जीव घेतो, मग त्याला वाचवणं ही अहिंसा कशी?

वाघ मारतो तो भुकेने. त्यात हाव नाही, सूड नाही. दुसरं काही खाऊन राहणं त्याला जमतच नाही. निवड करता येते ती माणसाला, म्हणून धर्म-अधर्माचा हिशोबही माणसालाच द्यावा लागतो.

एकदा गेलेला जीव मागून येत नाही. आपल्या देशातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने आले, ते ग्वाल्हेरकरांना आठवत असेलच. तिथूनच त्यांना कुनोच्या जंगलात नेलं. पण ते आफ्रिकेतले. आपला होता तो गेलाच.

वाघ मात्र अजून आहे. २००६ च्या गणनेत देशात अवघे १,४११ वाघ होते, २०२२ च्या अंदाजात ३,६८२ झाले. म्हणजे माणसाने मनावर घेतलं तर जमतं.

आता अवघड भाग. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात, सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले. एक आई आणि तिची तीन पिल्लं. वाघाने गुरं मारली म्हणून विष घातलं गेलं, असं तपासात पुढे आलं. ज्या गोव्यात वाघाला वाघ्रो म्हणून पूजतात, तिथेच हे घडलं.

विष घालणं वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण ज्याची दुभती गाय गेली, त्याच्या घरचा विचार करा. दूध गेलं, त्यावर चालणारा संसार अडला. आणि आपलं काय गेलं? वाघाचा फोटो स्टेटसला ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

म्हादई बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या रानात उगम पावते आणि पुढे गोव्यात मांडवी होते. वाघासाठी ते रान राखलं, तर नदीही राहते. पाणी आपण सगळे पितो, गाय मात्र एकट्या गवळ्याची जाते. हा कुठला न्याय?

जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादईत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाचं कोर्ट पाहील. आपल्या हातात काय आहे ते आपण पाहू. रानाकाठच्या कुणाचं जनावर गेलं, तर पंचनामा आणि भरपाईचा अर्ज लिहून द्यायला आपल्यातला कुणी शिकलेला जाऊ शकतो. गोठ्याला पक्कं दार बसवायला चार घरं मिळून वर्गणी काढू शकतात. भरपाई हातात पडेपर्यंत त्या घरी धान्य पोचवता येतं.

भूतदया म्हणजे वाघावरही दया आणि गवळ्यावरही. एकाची दया दुसऱ्याच्या खिशातून करायची नसते. त्यातला आपला वाटा आपण उचलायचा.

या रविवारी जेवताना घरात हा विषय काढा. मुलं काय म्हणतात ते ऐका, आणि ग्रुपवर जरूर कळवा.